प्रतिसादी वस्त्रे आणि ठाणे–कल्याणचा तंतुउद्योग

प्रतिसादी वस्त्रे : उष्णता, आर्द्रता, प्रकाश, दाब किंवा विद्युत् प्रवाह यांत बदल झाला असता ज्यांचा रंग, आकार, पोत किंवा उष्णतारोधकता ठरावीक रीतीने बदलते, अशा कापडांना प्रतिसादी वस्त्रे म्हणतात. ‘स्मार्ट टेक्स्टाइल’ या नावानेही ती परिचित आहेत. सभोवतालच्या बदलाची केवळ नोंद घेणारी, त्या बदलास अनुसरून स्वतःत फेर करणारी आणि नोंद घेणे, माहितीवर प्रक्रिया करणे व कृती करणे ही तिन्ही कामे अंगभूत विद्युत् मंडलाच्या साहाय्याने पार पाडणारी, असे त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. वेशभूषाकारांनी त्यांचा उपयोग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून ठळकपणे केला. तथापि कापडाने परिस्थितीला उत्तर द्यावे ही अपेक्षा त्याहून पुष्कळच जुनी आहे. ती पुरी करण्यासाठी तंतूच्या अंतर्रचनेतच हात घालणारे कारखाने भारतात ज्या थोड्या ठिकाणी प्रथम उभे राहिले, त्यांत ठाणे ते कल्याण हा लोहमार्गालगतचा पट्टा महत्त्वाचा होय. लोकर, रेयॉन व पॉलिएस्टर या तिन्ही तंतूंचे मोठे कारखाने, त्यांचे रंजन करणाऱ्या गिरण्या, रंगद्रव्ये बनविणारे उद्योग आणि कापड शिवून विकणाऱ्या वसाहती हे सर्व येथे जवळजवळ नांदले. त्यांपैकी बराचसा भाग आता उरलेला नाही.

नैसर्गिक तंतूही निष्क्रिय नसतात. हवेतील आर्द्रता ६५ टक्के व तपमान २०° से. असताना लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सु. १६ टक्के, व्हिस्कोज रेयॉन सु. १३ टक्के व कापूस सु. ८ टक्के बाष्प धरून ठेवतो. पॉलिएस्टर मात्र जेमतेम ०·४ टक्के. लोकर बाष्प शोषते तेव्हा उष्णता बाहेर पडते. पूर्ण कोरडी एक किलोग्रॅम लोकर भिजून तृप्त होईपर्यंत सु. १०० किलोज्यूल उष्णता देते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्डामागावर विणलेली व चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसात धनगराला ऊब देते, त्यामागे तिच्या जाडीइतकाच हाही गुणधर्म आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिद्ध झालेले ‘व्हेंटाइल’ हे घट्ट विणीचे सुती कापड याच तत्त्वावर आधारलेले होते. कोरडे असताना त्यातून हवा खेळते, पाणी लागताच कापसाचे तंतू फुगून विणीतील फटी बंद होतात. समुद्रात कोसळणाऱ्या वैमानिकांसाठी त्याचे पोशाख करण्यात आले. आज ज्याला प्रतिसादी म्हटले जाते, त्याचे हे साधे पण पक्के उदाहरण आहे. त्यात ना विद्युत् घट आहे, ना तार.

ठाणे व कल्याण यांचा कापडाशी संबंध प्राचीन आहे. ‘पेरिप्लस’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा ‘कॅलिएना’ असा उल्लेख येतो व कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याहून कातडी व सुती माल परदेशी जात असल्याचे नमूद केले आहे. पोर्तुगीज अमलानंतरही ठाण्यातील रेशीमकाम टिकून होते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तेथील ख्रिस्ती विणकरांच्या रेशमी कापडाची नोंद आहे, परंतु तोवर हा धंदा उतरणीस लागला होता. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत गेला. मुंबईच्या गिरण्यांचा माल त्या मार्गाने देशावर जाऊ लागल्यावर खाडीकाठच्या हातमागांना टिकाव धरणे कठीण झाले. शेजारच्या भिवंडीत उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी मात्र मागाचा धंदा रुजविला आणि विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेऊन भिवंडी हे देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग-केंद्रांपैकी एक बनले.

आधुनिक कारखानदारीचा आरंभ लोकरीपासून झाला. १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ रेमंड वुलन मिल स्थापन झाली. १९४४ मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली. सुरुवातीस जाडीभरडी ब्लँकेटे व लष्करी कापड विणणारी ही गिरणी पुढे सूटिंगच्या कापडासाठी देशभर प्रसिद्धीस आली. १९५८ मध्ये मुंबईत तिचे पहिले दुकान निघाले व १९६८ मध्ये ठाण्यात तयार कपड्यांचा विभाग सुरू झाला. जेकेग्राम ही तिची वसाहत म्हणजे ठाणे शहरातच वसलेले एक वेगळे गाव होते. लोकरीच्या धंद्यातील दुसरी गिरणी मॉडेला ही होय. १९६३ मध्ये लोकर उद्योगासाठी वुल रिसर्च असोसिएशन ही सहकारी संशोधन संस्था स्थापन झाली व ती ठाण्यात कोलशेत रस्त्यावर स्थिरावली. तिच्या पत्त्यातील टपाल कार्यालयाचे नाव सँडोझ बाग असे आहे. सँडोझ या स्विस कंपनीच्या रंगद्रव्य कारखान्यावरून ते पडले. लोकर, तिचे रंग आणि तिचे शास्त्र ही एकाच रस्त्यावर येऊन राहिली होती असे म्हणता येईल.

तंतू स्वतःच घडविण्याचा उद्योग भारतात १९५० च्या सुमारास सुरू झाला. त्याआधी ‘आर्ट सिल्क’ म्हणून ओळखले जाणारे कृत्रिम रेशमाचे सूत जपान व युरोपातून येई. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना कल्याणजवळ आंबिवली स्थानकालगत मोहने येथे, तर सेंच्युरी रेयॉनचा कारखाना शहाड येथे १९५० नंतरच्या दशकात उभा राहिला. दोन्ही ठिकाणांची निवड उल्हास नदीमुळे झाली, कारण व्हिस्कोज प्रक्रियेला पाणी अपार लागते. लोहमार्ग व मुंबईची बाजारपेठ हे पुढचे फायदे.

व्हिस्कोजची कृती क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनज्ञांनी १८९२ मध्ये शोधून काढली. लाकडाच्या लगद्याचे तक्ते दाहक सोड्याच्या विद्रावात भिजवून पिळतात, त्यांचा चुरा करून तो काही काळ मुरू देतात. नंतर त्यावर कार्बन डायसल्फाइडाची क्रिया केली असता तो नारिंगी रंगाचा होतो व सौम्य सोड्यात विरघळून मधासारखा दाट द्रव तयार होतो, हेच व्हिस्कोज. तो गाळून, पिकवून, सूक्ष्म छिद्रे असलेल्या मौल्यवान धातूच्या तोटीतून सल्फ्यूरिक अम्लाच्या कुंडात सोडला की सेल्युलोज पुन्हा घन होऊन तंतू निघतात. लाकूड विरघळवून त्याचा धागा करणे यात आश्चर्य आहे, पण त्याची किंमतही आहे. कुंडातून कार्बन डायसल्फाइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू सुटतात. पैकी पहिल्याचे विषारीपण रबर उद्योगामुळे एकोणिसाव्या शतकातच वैद्यकाला कळले होते. दीर्घकाळ संपर्क राहिल्यास मज्जातंतू, मन व हृदय यांवर त्याचे परिणाम होतात. दुसरा वायू कुजक्या अंड्यांसारखा वास देतो व डोळे चुरचुरवतो. जगभर व्हिस्कोज कारखान्यांत वायुवीजन व वायूंची पुनःप्राप्ती हा कामगारांच्या जीविताचा प्रश्न राहिला आहे. तो केवळ इतिहासाचा नाही : २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या कारखान्यात कार्बन डायसल्फाइडासाठी आलेल्या टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले.

वेशभूषेच्या दृष्टीने रेयॉनने मोठा पालट घडविला. रेशमाची झळाळी व झोक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. जॉर्जेटच्या साड्या, अस्तरे, भरतकामाचे धागे यांत तो सर्वत्र दिसू लागला. परंतु ओल्या व्हिस्कोजचे बल कोरड्याच्या निम्म्यावर येते व तंतू फुगून कापड आटते. म्हणून दगडावर आपटून धुण्याची सवय असलेल्या घरांत ही साडी वेगळी काढून ठेवावी लागे. पाण्याला दिलेला हा प्रतिसाद कोणालाच नको होता. दोन्ही कारखान्यांनी जास्त ताणबलाचे रेयॉन काढून टायरमध्ये घालावयाचा दोरही बनविला. पुढे नायलॉनने त्या बाजारात शिरकाव केला. मोहने येथे कारखान्याबरोबर कामगार वसाहत, शाळा व बाजारपेठ वाढली व तेथील कित्येक घरांत दोन पिढ्या एकाच भोंग्यावर उठल्या.

तिसरा तंतू पॉलिएस्टर. व्हिनफील्ड व डिक्सन या ब्रिटिश संशोधकांनी तो १९४१ मध्ये शोधला व ‘टेरिलीन’ हे त्याचे ब्रिटिश व्यापारी नाव मराठीत सामान्यनामच होऊन बसले. भारतातील त्याचा पहिला कारखाना केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीने इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीच्या सहभागाने ठाणे–बेलापूर पट्ट्यात उभारला. १९६५ मध्ये तेथून ‘टेरीन’ या नावाने तंतू बाहेर पडू लागला. त्याच पट्ट्यात नोसिलचा खनिज-तेल-रसायनांचा प्रकल्प आला व खाडीच्या पूर्वेस एक नवीच कारखानदारी वसली.

पॉलिएस्टर हा उष्णता-मृदू तंतू आहे. सु. ७०° ते ८०° से. च्या पुढे त्यातील रेणुमालिका हलू लागतात. १८०° ते २००° से. तपमानात कापड ताणून धरले व थंड केले, की ते त्या वेळच्या आकारात कायम होते. यास उष्णता-स्थापन म्हणतात. त्यानंतर कापड चुरगळले तरी पूर्वस्थितीवर येते व विजारीला एकदा पाडलेली घडी धुऊनही मोडत नाही. कापडाला ‘स्मृती’ असते असे आजचे वस्त्रशास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हा त्यांच्यासमोर बहुधा आकारस्मृती असलेली खास बहुवारिके असतात. परंतु सर्वसामान्य माणसाच्या अंगावर स्मृती असलेले कापड प्रथम चढले ते टेरिलीनच्या रूपाने. डोंबिवली व कल्याणहून रोज सकाळी मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या नोकरदाराला त्याचे मोल निराळे सांगावे लागले नाही. लोकलच्या गर्दीतून तास-सव्वा तासाने उतरल्यावरही सदरा इस्त्रीचा दिसे, रात्री धुतला तर सकाळी वाळलेला असे व खर्चाच्या वहीतील इस्त्रीवाल्याची रक्कम घटे. किंमत मात्र चढी होती. संश्लिष्ट तंतूंवरील भारी अबकारी करामुळे टेरिलीनचा सदरा काही काळ प्रतिष्ठेचे चिन्ह होता. लग्नात जावयाला टेरिलीनचे कापड देणे हा मानाचा विषय होई व चोरट्या मार्गाने आलेल्या परदेशी मालाला गिऱ्हाईक मिळे.

त्याचा दोषही याच गाडीत उघड होई. ०·४ टक्के बाष्प धरणारा तंतू कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम टिपत नाही. त्वचा व कापड यांमध्ये ओल साठून राहते, घर्षणाने स्थिर विद्युत् निर्माण होते व वास धरला जातो. यावर उपाय म्हणून मिश्रणे आली. पॉलिएस्टर ६७ व कापूस ३३ टक्के हे टेरिकॉट, तर पॉलिएस्टर ५५ व लोकर ४५ टक्के हे टेरिवूल, ही प्रमाणे रूढ झाली. ठाण्याच्या लोकर गिरणीला टेरिवूल फलदायी ठरले, कारण शुद्ध लोकरीचे कापड वर्षाचे आठ महिने उकडणाऱ्या देशात मर्यादितच खपणार होते. टेरिकॉट भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले व शाळेचे गणवेश, पोलिसांचे खाकी कापड, बस-वाहकांचे पोशाख यांतून ते गावोगाव पोहोचले. भारतीय पोशाखातील ही क्रांती ‘फॅशन’च्या इतिहासांत क्वचितच नोंदली जाते, तेथे प्रदर्शनातील पोशाखांना जागा मिळते, गणवेशाला नाही.

कापूस न चुरगळावा यासाठी त्यावर राळेचे संस्करण करण्याची पद्धतही याच सुमारास रूढ झाली. अशा राळेतून फॉर्माल्डिहाइड सुटते व तिने कापसाचे बल घटते. येथून पुढे प्रतिसादाचे काम तंतुनिर्मितीकडून रंजन व संस्करण गिरण्यांकडे सरकले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्यातील वागळे वसाहतीपाठोपाठ डोंबिवलीतही औद्योगिक क्षेत्र विकसित केले. तेथे रंगद्रव्ये, त्यांची मध्यस्थ रसायने आणि कापडाचे विरंजन-रंजन यांचे शेकडो लहानमोठे उद्योग आले. निर्वासित सिंधी कुटुंबांसाठी १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी वसविलेल्या उल्हासनगरात तयार कपड्यांचा, विशेषतः जीन्सचा, व्यवसाय फोफावला. जीन्सचा निळा रंग नव्या अवस्थेत गडद असतो. तो जाणीवपूर्वक फिका करणे, म्हणजे कापडाला वापरापूर्वीच वापरल्याचे रूप देणे, ही एक फॅशन बनली. नीळ उडविणाऱ्या धुलाई केंद्रांचे पाणी वालधुनीत व तेथून उल्हास खाडीत गेले. प्रदूषणविरोधी याचिका व कारवाई यांनंतर यांपैकी अनेक केंद्रे बंद झाली वा इतरत्र हलली. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक विभागातील एक रस्ता गुलाबी झाला. रंग बदलणारी वस्त्रे जगाच्या प्रदर्शनांत मांडली जात असताना रंग बदलणाऱ्या रस्त्याचा अनुभव डोंबिवलीकरांच्या वाट्याला आला. २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी तेथील रसायन कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी वसाहत व घरे यांतील अंतराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला.

जागतिक पातळीवर प्रतिसादी वस्त्रांची वाढ अवकाश व संरक्षण संशोधनातून झाली. अमेरिकेच्या अवकाश संस्थेच्या साह्याने १९८० नंतर प्रावस्थांतरी द्रव्यांवर काम झाले. ठराविक तपमानास वितळणारे मेणासारखे हायड्रोकार्बन, उदा., सु. २८° से. ला वितळणारे ऑक्टाडेकेन, अतिसूक्ष्म कुप्यांत बंद करून कापडात घालतात. शरीर तापले की मेण वितळताना उष्णता शोषते, थंडावले की गोठताना परत देते. १९९१ मध्ये अमेरिकेत ‘हायपरकलर’ नावाचे, अंगाच्या उष्णतेने रंग बदलणारे सदरे आले व काही महिन्यांत प्रचंड खपले. पण गरम पाण्याने धुतल्यास रंग कायमचा बिघडे व ही लाट लवकरच ओसरली. निकेल-टिटॅनियमच्या आकारस्मृती मिश्रधातूची तार विणलेला, गरम होताच बाह्या आपोआप वर चढणारा सदरा इटलीत २००१ मध्ये दाखविण्यात आला. हुसेन चलायान या वेशभूषाकाराने २००७ च्या वसंत-ग्रीष्म हंगामासाठी केलेल्या संग्रहात लपविलेल्या मोटरींनी एकच झगा डोळ्यांदेखत एका दशकाच्या फॅशनमधून पुढच्या दशकाच्या फॅशनमध्ये शिरत असे. जॉर्जिया तंत्रविद्यापीठात भारतीय वंशाचे वस्त्रतंत्रज्ञ सुंदरेशन जयरामन यांनी १९९६ पासून अमेरिकी नौदलासाठी प्रकाशतंतू व विद्युत् संवाहक धागे विणलेला सदरा विकसित केला. जखम झाल्यास तिचे स्थान व सैनिकाची नाडी त्यातून कळावी हा हेतू होता.

विद्युत् वाहणारा धागा ही मात्र भारताला नवी गोष्ट नव्हती. मॅसॅचूसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतील संशोधकांनी १९९७ च्या सुमारास कापडी विद्युत् मंडलांचे प्रयोग केले, तेव्हा त्यांनी वापरलेले कापड म्हणजे भारतात विणलेले, बाण्यात तांब्याच्या पातळ पत्र्याने मढविलेले सूत असलेले रेशमी ऑर्गंझा होते. एका दिशेने वीज वाहावी व दुसऱ्या दिशेने वाहू नये ही मंडलाची गरज जरीच्या वस्त्राने अजाणता आधीच भागविली होती. पैठणीच्या पदरालाही हेच लागू पडते. मात्र तिला कोणी विद्युत् घट जोडलेला नाही.

या वस्त्रांच्या मार्गातील खरी अडचण धुलाईची आहे. २००० मध्ये लिव्हाय व फिलिप्स यांनी बाजारात आणलेल्या जाकिटातून धुण्यापूर्वी सर्व उपकरणे काढून ठेवावी लागत. २०१७ मध्ये गूगल व लिव्हाय यांनी काढलेल्या ‘जॅकार्ड’ जाकिटाच्या बाहीवर बोट फिरविले की दूरध्वनी उत्तर देई. त्यामागची सेवाच २०२३ मध्ये बंद झाल्याने जाकीट शाबूत राहूनही मुके झाले. जेथे सदरा रोज धुतला जातो, घामाने रोज भिजतो आणि मोठ्या भावाचा धाकट्याला येतो, तेथे असे वस्त्र अंगवळणी पडण्यास वेळ लागेल. म्हणूनच भारतात खपणारी प्रतिसादी कापडे साधी आहेत : घाम झपाट्याने पसरविणारे खाचदार छेदाचे पॉलिएस्टर, ताण देऊन पूर्ववत होणारे इलॅस्टेन-मिश्रित कापड, डाग व वास यांना रोध करणारी संस्करणे. टेरिलीनच्या जुन्या दोषावर खाचदार तंतू हे बरेचसे उत्तर ठरले आहे. तंतू तोच, त्याच्या छेदाचा आकार बदलला.

ठाणे–कल्याण पट्ट्याला या नव्या पर्वाचा लाभ मिळण्यापूर्वीच त्याची घसरण सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर मुंबईच्या गिरण्यांचे पुष्कळसे विणकाम भिवंडीसारख्या यंत्रमाग-केंद्रांकडे गेले. त्याच वर्षी पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर कारखाना सुरू झाला व १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने संश्लिष्ट तंतूंवरील बंधने सैल केली. तंतुनिर्मिती आता फार मोठ्या प्रमाणावरच परवडणारी झाली. जुन्या, मध्यम आकाराच्या कारखान्यांपुढे विस्तार वा विराम हे दोनच पर्याय राहिले. दरम्यान त्यांच्याखालील जमिनीचे मोल त्यांच्या उत्पादनाच्या मोलाहून अधिक झाले. मोहने येथील रेयॉनचा कारखाना नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडला. त्याच वर्षाच्या सुमारास रेमंडची ठाण्यातील गिरणीही थांबली व तिच्या जमिनीवर २०१९ पासून कंपनीने गृहसंकुले बांधण्यास प्रारंभ केला. कोलशेतचा रंगद्रव्य कारखाना १९९५ मध्ये सँडोझपासून निघालेल्या क्लॅरियंट कंपनीकडे गेला होता. त्याच्या जागीही आता उंच इमारती आहेत. मोहने येथील कामगारांची थकलेली देणी हा प्रश्न कारखाना बंद पडल्यावर दशकभराहून अधिक काळ न्यायाधिकरणांपुढे राहिला. दरम्यान यंत्रे निघाली, जमीन दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली व एकेकाळी तोटीतून सुटणाऱ्या धाग्याची गती कानाने ओळखणारे कारागीर रिक्षा, रखवाली, किरकोळ दुकाने यांकडे वळले. मॉडेला नाका, गोल्डन डाइज नाका, सँडोझ बाग, एनआरसी कॉलनी ही नावे तेवढी बसथांब्यांवर व पत्त्यांत राहिली. त्यांतील पहिली दोन नावे कशावरून पडली हे ठाण्यातील नव्या रहिवाशाला सहसा माहीत नसते.

शहाडचा कारखाना मात्र टिकला. २०१८ पासून तो ग्रासिम कंपनी चालविते व तेथे व्हिस्कोजचे सलग सूत निघते. ठाण्यातील लोकर संशोधन संस्थेचेही कार्य पालटले. केंद्र सरकारने तांत्रिक वस्त्रांसाठी नेमलेल्या विशेष केंद्रांपैकी क्रीडावस्त्रांचे केंद्र तिच्याकडे सोपविण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांच्या तरतुदीचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर झाल्याने अशा संस्थांना पुन्हा महत्त्व आले आहे. कापडाची उष्णतारोधकता, घाम वाहून नेण्याचा वेग, बाष्प बाहेर सोडण्याची क्षमता, घर्षण व धुलाई यांनंतर गुण किती उरतात यांची मोजमापे अशा केंद्रांत होतात. ‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडाचा दावा खरा की खोटा हे ठरविण्याचे ते साधन होय. परीक्षणासाठी येणारे नमुने तिरुप्पूर, लुधियाना, सुरत अशा दूरच्या केंद्रांतूनही येऊ शकतात. ज्या गिरण्यांसाठी कोलशेत रस्त्यावर ही संस्था आली, त्या मात्र तिच्या शेजारी राहिलेल्या नाहीत.